शेवटी येईल तो गोलमध्ये

आवडी स्टेशनजवळच्या मैदानावर दर रविवारी सकाळी सहाला आम्ही चाळिशीपुढची मंडळी फुटबॉल खेळतो. आमच्या टीममध्ये गोलकीपर व्हायला कुणीच तयार नसतं, म्हणून नियम केलाय, की जो शेवटी येईल त्याने गोलमध्ये उभं राहायचं. बाकीचे सगळे तिथल्याच क्वार्टर्समधले, चप्पल अडकवून दोन मिनिटांत येणारे. मी येतो वेस्ट मांबलमहून, दोन लोकल बदलून. आता हा नियम कुणासाठी आहे, ते सांगायला ज्योतिषी नको!

एकदा मी हट्टाने लवकरची लोकल पकडली आणि साडेपाचलाच मैदानात जाऊन बसलो. सहाला गुडघ्याला पट्टा बांधलेले आमचे कॅप्टन आले आणि म्हणाले, “सार, तुमचा आराम झालाय, आज तुम्हीच उभे राहा.” त्या दिवशी मी सहा गोल खाल्ले. त्यातले दोन आमच्या कॅप्टननीच मारलेले!

माझं डोकंच फिरलं. पुढच्या शनिवारी मी ग्रुपवर लिहून टाकलं, “उद्यापासून मी येणार नाही. दुसरा कुणीतरी शोधा.” त्यावर उत्तर एकाचंही नाही, नुसते अंगठे.

रविवारी सहा वाजून दहा मिनिटांनी कॅप्टनचा फोन आला. “सार, कुठे आहात? सगळे थांबलेत.”

मी खेकसलो, “माझा मेसेज वाचला नाहीत का?”

“वाचला ना. पोचताय कधी?”

लोकलने नुकतंच अंबत्तूर सोडलं होतं. मांडीवरचे ग्लोव्हज हातात चढवत मी म्हणालो, “दहा मिनिटांत.”