यादीखालची सही

वहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून पाथरीची एसटी धरली. गाडीत कुणीच हसलं नाही... वहिनी मात्र हसल्या असत्या.

गोष्ट निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षाची. मी स्वतःला मोठा क्रांतिकारक समजायचो. हद्दीपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या छावणीला मदत करणाऱ्या आमच्या गावच्या अकरा जणांची नावं मला तोंडपाठ करायला सांगितली होती. पाठांतर कच्चं, अक्षर तेवढं वळणदार. म्हणून मी ती कागदावर उतरवली आणि खाली, सवयीनं, झोकदार सही ठोकली!

कुणीतरी चुगली केली. भर दुपारी पोलिसांचा अमीन शिपाई घेऊन आमच्या गल्लीत शिरला. दादा शेतात. घरात मी, पाच दिवसांची बाळंतीण वहिनी आणि तान्हा माधव. वहिनी म्हणजे पाल दिसली तरी किंचाळणाऱ्या, सासऱ्यांपुढं आवाज न फुटणाऱ्या. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष पाऊल टाकत नाही, एवढ्या अकलेवर मी कागद त्यांच्या गोधडीखाली सारला.

"काय ठिवायलात तिथं?"

"अकरा जणांचा जीव," मी म्हणालो. तेव्हाही नाटकी बोलायची खोड गेली नव्हती.

अमीनानं रिवाज पाळला, तो उंबऱ्याबाहेर थांबला. पण झडतीसाठी त्यानं एक बाई आणली होती! ती चपला काढू लागली आणि हा क्रांतिकारक दाराची चौकट धरून नुसता उभा राहिला.

वहिनींनी डाव्या हातानं माधवला छातीशी घेतलं, उजवा गोधडीखाली घातला. बाजेखाली शेकायची शेगडी होती. कागद ओढून तिच्यात टाकला, पण विस्तव राखेनं झाकलेला. कागद पेटेना, नुसता करपू लागला. माझं अक्षर मला दारातून दिसत होतं... वहिनींनी उशाची ओव्याची मूठ शेगडीत टाकली. धूर उठला. त्या धुरातच हात खाली घालून त्यांनी कागद निखाऱ्यांत दाबून धरला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"क्या जला रई?" अमीन ओरडला.

"बाळाची धुरी हाय!" त्या घरात वहिनींचा इतका मोठा आवाज मी प्रथमच ऐकला. मग हात पदराखाली घेऊन त्या बाईला म्हणाल्या, "या, गोधडी उचला. खुशाल बघा. पन आधी लेकराला धरा, मला उठवत न्हाई."

बाईनं माधवला घेतलं. एका हातानं अंथरूण चाचपलं. पदराखालचा हात तिला दिसला की नाही, देव जाणे. "कुछ नहीं," म्हणाली आणि लेकरू परत दिलं.

ते गेल्यावर मी रडतच म्हणालो, "वहिनी, तुम्ही वाघीण..."

"गप बसा. तूप आना आधी." भाजलेल्या दोन बोटांना तूप लावताना दात आवळून त्यांनी विचारलं, "खाली ते लांबडं काय वळवळत होतं हो?"

"सही. माझी."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

त्या दोन बोटांना पुढं चटका कळायचा नाही. तव्यावरची भाकरी वहिनी त्याच बोटांनी उलटायच्या. मी कसलीही यादी करायला बसलो, की चुलीपुढून आवाज यायचा, "भाऊजी, सही करू नका बरं!"

वहिनींच्या तेराव्याच्या सामानाची यादी माधवनं मलाच लिहायला लावली. गहू, गूळ, तूप... ओवा. लिहून झालं. चुलीकडं पाहिलं.

मग खाली झोकदार सही केली. चुलीपुढून आवाज आला नाही.