रांगेतली रिकामी जागा

गोडदेव गावचा शिवदास आमच्या कारखान्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचा, माझ्या शेजारच्या मशीनवर. काम चोख. फिरत्या चाकावर भांडं धरताना जोर कोपरातून द्यायचा असतो. मनगटातून दिला तर भांडं उडतं. हे त्याला कधी सांगावं लागलं नाही.

एक्याण्णवच्या दिवाळीनंतर त्याने दुसरं काम धरलं. हौस नव्हती. त्याचं घर मिठागराच्या बांधाला लागून, जमीन आगराच्या शेठची. घरातलं कोणी आगरात राबेल तोवर घर राहील, अशी तोंडी बोली. बाप गेला आणि शेठचा निरोप आला: वाफे तुडवून दे, नाहीतर घर उचल.

मीठ पिकवण्याआधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करतात. आधी टाच, मग पूर्ण तळवा. तळ पोचट राहिला तर मीठ चिखलात जातं. हे रांगेने करायचं काम, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. नव्या माणसाने येऊन हात ठेवला की आधीचा न बघता अर्धं पाऊल सरकून त्याला जागा देतो. पण रांगेतले सगळे आता कारखान्यांत लागले होते. शिवदास पहाटे एकटाच उतरायचा आणि पाय धुऊन थेट मशीनवर यायचा.

खाडीचं पाणी आगरात घेणारा म्हातारा धर्माजी बांधावरून ओरडला, "एकट्यानी तुडवू नको रं. रांग रिकामी ठेवली का कोनतरी येऊन भरतं."

"मंग बरंच हाय," शिवदास म्हणाला. "काम लवकर व्हईल."

एका धुक्याच्या सकाळी त्याच्या डाव्या खांद्यावर हात पडला. सवयीने तो सरकला. बघितलं तर कोणी नव्हतं. उजेड झाल्यावर चिखलात त्याच्या पावलांशेजारी दुसरी पावलं दिसली. टाच खोल, तळवा पूर्ण. काम पक्कं होतं.

जेवायच्या सुट्टीत त्याने मला सांगितलं.

"बाप असेल तुझा," मी म्हणालो.

"न्हाय. बापाचा हात हलका होता."

पुढे तो हात रोज पडू लागला. मग एक दिवस कारखान्यातही पडला. मी शेजारी होतो. शिवदास पातेल्याचं झाकण चाकावर धरून उभा होता. एकाएकी न बघता अर्धं पाऊल सरकला, कुणाला जागा द्यावी तसा. चाकाने झाकण हिसकावलं, ते माझ्या कानाजवळून भिंतीवर आदळलं. त्याची बोटं वाचली, एवढंच.

फोरमन धावत आला. "अरे, नाच रहा है क्या? फिर से हुआ तो गेट के बाहर."

शिवदासने घरी सगळं सांगितलं. कारखाना सोडला तर खायचं काय, आगर सोडलं तर राहायचं कुठे?

त्याची बायको शांती म्हणाली, "उद्या मी येतंय."

"बाया मीठ वाहतात. तुडवत न्हाईत."

"ज्यांनी ह्यो नियम केला त्यांचं घर जात नव्हतं."

दुसऱ्या पहाटे ती त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली, खांद्यावर हात ठेवून. तिचा हात लहान, कोरडा. त्या दिवशी तो दुसरा हात त्याच्यावर पडलाच नाही. अर्धा वाफा झाला तशी शांती वैतागली.

"हात काढ ना खांद्यावरचा. किती जड टाकतंस?"

शिवदासचे दोन्ही हात कमरेवर होते. त्याने तिला ते दाखवले. ती थांबली नाही. थांबलं की चिखल पाय धरतो.

"सरकू नको," तो म्हणाला. "जागा देऊ नको."

तिने दिली नाही. टाच, तळवा, टाच, तळवा. उजेड होईपर्यंत वाफा पुरा झाला. पुढे शेठचा माणूस आला, टाचेने तळ दाबून बघितला आणि माघारी गेला. घर राहिलं. मशीनवर शिवदास पुन्हा कधी सरकला नाही.

शांती तो सगळा मोसम उतरली. मी एकदा विचारलं, अजून पडतो का हात?

"रोज," ती म्हणाली. "पडू दे."