पोपटानं काढलेला बुद्ध

सकाळी नवऱ्याच्या अंगाला हात लावला तर ते गार होतं. सासू चुलीपुढून म्हणाली, "उतरना ना ताप? मी काय सांगेल व्हतं!" आणि हसली. मी म्हटलं, "ताप नही, तोच गया." तरी ती उठून त्याची गोधडी नीट करत राहिली. मला म्हणाली, "हळू बोल, तो जागा व्हई."

आदल्या दिवशी आम्ही त्याला भाड्याच्या बैलगाडीत घालून खांडबाऱ्याच्या स्टेशनावर नेत होतो. तिथून आगगाडीनं नंदुरबारच्या दवाखान्यात न्यायचं होतं. वाटेत त्याचा डोळा लागला. बाजाराचा दिवस होता. स्टेशनाच्या अलीकडे चिंचेखाली भविष्याचे पत्ते मांडून पोपटवाला बसला होता. सासूनं गाडी थांबवली.

आम्ही नुकताच बुद्धाचा धर्म घेतला होता. घरातले जुने देव नवऱ्यानं स्वतः नदीत सोडले होते. भगताला दारात येऊ द्यायचं नाही, असं त्यानं आईला बजावलं होतं, आणि तिनं ते पाळलं. पण पोपटवाला थोडाच भगत होता? पोपटानं रांगेतून चोचीनं एक पत्ता ओढला. त्यावर बुद्ध निघाला. सासूनं तिथंच हात जोडले. "आपलाच निंघना!"

आमच्या घरात एकच तसबीर होती, मांडी घालून बसलेल्या बुद्धाची. हा आडवा होता. उजव्या कुशीवर, गालाखाली हात, पायावर पाय, डोळे मिटलेले. दोन बाजूंना दोन झाडं, फुलांनी भरलेली. भोवती माणसं.

पोपटवाला म्हणाला, "बघ आई, देव कसा निवांत झोपलाय. तुझा लेकही झोपलाय ना? त्याला उठवू नकोस. झोपेतच दुखणं जाईल."

मी पत्ता हातात घेतला. एक माणूस झाडाला धरून उभा होता, त्याच्या गालावर थेंब काढले होते. मी विचारलं, "मंग ह्या लोके काब्रं रडी ऱ्हायनात?"

"आनंदाचे आसू आहेत, बाई."

"आनंदमा कोनी असं तोंड करस का?"

सासू खेकसली, "चौथी शिकनी तं आते पोपटले शिकाडशी का?" गाडीवान हसला. तिनं गाडी मागं वळवायला लावली. आगगाडीची शिटी आम्हाला परतीच्या वाटेवर ऐकू आली. त्या आवाजानंही तो जागा झाला नाही. सासू त्याच्या तोंडावर पदराची सावली धरून बसली होती. समोरून येणाऱ्यांना गप्प राहायची खूण करत होती.

काही वर्षांनी नंदुरबारला एका भंतेंचं प्रवचन ऐकायला गेले. भिंतीवर तेच चित्र होतं, मोठं. भंते म्हणाले, ही झोप नव्हे, हा बुद्धाचा शेवट. झाडं अवेळी फुललीत. ज्यांचा मोह सुटला नाही ते रडताहेत, ज्यांना कळलं ते गप्प आहेत. मोहाचं मला पटलं नाही. ज्याचं माणूस जातं तो रडणारच.

घरी आल्यावर सासूनं विचारलं, भंते काय बोलले. मी सगळं सांगितलं. म्हातारीला कशाला सांगितलंस, असं लोक नंतर म्हणाले. तिनं विचारलं, म्हणून सांगितलं. ती शेंगा फोडत होती. हात थांबले. म्हणाली, "म्हनजे पोपट खरं बोलना. आपलेच समजनं नही."

"आपलेच", म्हणजे आपल्या दोघींनाच, हा शब्द मला लागला. मी उरलेल्या शेंगा फोडायला घेतल्या.

आम्हाला मूल झालं नव्हतं. त्या घरात मागं जगलो त्या आम्ही दोघी, ती आणि मी.