ताईने थंडीत जगवलेलं झाड

दाजींचा फोन आला तेव्हा मी साडीला लेस लावत बसले होते. "सुमन गेली," एवढंच ते म्हणाले. मी मशीन बंद केलं. रडूही आलं नाही... आजारपण इतकं लांबलं होतं की आम्ही सगळेच दमून गेलो होतो. अंत्यविधी फोनवरच पाहिला.

सुमनताई माझी थोरली बहीण. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. वडील कापडाच्या लूमवर कामाला सुरतला आले आणि आम्ही दोघी तिथल्या उधना भागातल्या एका खोलीत वाढलो. लग्नानंतर ती दाजींबरोबर इंग्लंडला गेली. मूलबाळ झालं नाही. तिथल्या वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, भरवायची; फोनवर तिचा आवाज पार थकलेला असायचा. एकदा म्हणाली, घरामागे पाम लावलाय, थंडीत टिकणारा. मला ते खरं वाटेना.

पहिल्याच हिवाळ्यात पानं करपली. दाजी म्हणाले, उपटून टाक. तिने तो भिंतीच्या आडोशाला, उन्हाच्या बाजूला हलवला, मुळाशी पाणी साचू नये म्हणून खडी घातली. थंडी वाढली की पानं वर गोळा करून बांधायची आणि त्यांवर कापड गुंडाळायची. एकदा व्हिडिओवर ते कापड मी ओळखलं. मीच पाठवलेली साडी होती.

"नेसायला पाठवली होती गं," मी म्हणाले. मला मनाला लागलंच होतं.

"आठे साडी नेसीसन कोठे जाऊ?" ती आमच्या अहिराणीत म्हणाली, इथे साडी नेसून जाणार कुठे म्हणून. मग पानांवरचं कापड सारखं करत, "हाई झाड मरस नही. आपलासारखं चिवट शे."

या हिवाळ्याच्या तोंडाशी तिला पायऱ्या उतरवत नव्हत्या. ती खिडकीशी बसून सांगायची आणि दाजी खाली झाड बांधायचे. "घट्ट नको, मधला कोंब मोडेल..." ते तिचं शेवटचं बांधणं.

ती गेल्यावर महिनाभरात दाजी भाड्याचं घर सोडून आमच्याकडे सुरतला आले. झाड एवढं मोठं झालं होतं की हलवणं शक्य नव्हतं; शेजारच्या बाईंना लक्ष ठेवायला सांगून आलेत. इथे दुपारी आम्ही पंख्याखाली चहा घेतो. दाजी आधी मोबाइलवर तिथलं हवामान बघतात.

"आज उणे चार," काल ते म्हणाले.

"बाईंनी बघितलं असेल, कापड सुटलं नाही ना ते," मी म्हणाले.

"असेल..." दाजी म्हणाले, आणि चहा तसाच निवत राहिला.