नळदुर्गच्या बागेचा बेत

आमच्या घरात सहलीचा बेत मामंजी आखायचे आणि तो निस्तरायचो आम्ही दोघी जावा. मामंजी म्हणजे माझे सासरे. निजामाच्या अमदानीत ते कचेरीत कारकून होते. विलीनीकरणानंतर लवकरच घरी बसले, पण कचेरी काही त्यांच्या अंगातून गेली नाही. कुठं जायचं म्हटलं की एखाद्या जुन्या फॉर्माच्या पाठकोऱ्या बाजूवर ते बंदोबस्त लिहून काढायचे. यष्टीची वेळ, छत्र्या, टॉर्च, पोरांचा क्रम. दशम्या कोण करणार, हे मात्र त्या कागदावर कधी नसायचं. ते सगळ्यांना ठाऊकच होतं.

महाराष्ट्र झाल्यानंतरचा पहिला किंवा दुसरा भाद्रपद असेल. नळदुर्गला किल्ल्याच्या अलीकडं एक जुनी बाग होती. कुण्या अंमलदारानं हौसेनं लावलेली, चारी बाजूंनी उंच भिंत, आत हौद आणि कारंजी. पूर्वी परवानगीशिवाय आत पाऊल टाकायची सोय नव्हती. आता सरकारनं ती डागडुजी करून सगळ्यांना उघडी केली होती आणि बुधवारी दुपारी कारंजी सोडत, असं मामंजी कुठून तरी ऐकून आले. झालं. बेत ठरला.

ठरला म्हणायचं तेवढंच. आम्ही तुळजापुरात राहायचो. देवीच्या गावात राहणाऱ्या माणसाला पाहुणा नाही असा दिवस काढून दाखवावा. मंगळवारी, शुक्रवारी, पौर्णिमेला सासूबाईंच्या माहेरचे, मामंजींच्या आजोळचे, कधीकधी कुणाचेच नसलेलेसुद्धा दर्शनाला येत आणि जेवून जात. ते दिवस बेतातून गेले. सोमवार मामंजींचा, गुरुवार थोरल्या दिरांचा, म्हणजे भावजींचा उपास. गौरी गेल्यावर आणि पितृपंधरवडा लागायच्या आत पाच-सहा दिवस सापडतात, त्यात एकादशी. शिवाय घरात दोन सुना, त्यांच्यातली एखादी त्या दिवसांत बाजूला बसली की संपलंच. असं चाळून चाळून एक बुधवार हाती लागला. भावजी मास्तर होते, त्यांनी रजा टाकली. आमचे हे उस्मानाबादेला कचेरीत, त्यांनीही टाकली. दोघींची मिळून पाच पोरं, ती शाळा बुडवायला तयारच होती.

खरं सांगते, मला त्या बागेचं काही नव्हतं. गौरी जेवू घालून चार दिवस झाले होते आणि माझे पाय गुडघ्यापासून खाली माझे राहिले नव्हते. अकरा माणसांच्या दशम्या करायच्या म्हणजे पीठ दुधातच मळायचं, पाण्याचा थेंब लावायचा नाही, तरच त्या प्रवासात सोवळ्याच्या माणसाला चालतात. बाहेरचं पाणी प्यायचं नाही, म्हणून घरच्या आडाचं पाणी फिरकीच्या तांब्यांतून न्यायचं. आणि तो तांब्या कुणी उष्ट्या हातानं धरला तर ओतून द्यायचा, म्हणून दोन जास्त न्यायचे. एवढं करून तिथं जाऊन बघायचं काय, तर झाडं.

बागेचं होतं ते आमच्या थोरल्या जाऊबाईंना. त्यांचं माहेर नळदुर्गचं. वडील तिथं शाळेत शिकवायचे आणि जाऊबाई लहानपणी रोज त्या भिंतीकडेनं त्यांच्यासोबत जायच्या. एकदा माझ्याशेजारी बसून पीठ मळता मळता त्यांनी सांगितलं होतं, "आत पाणी पडायचा आवाज यायचा गं. दिसायचं काहीच न्हाय. बाबा म्हणायचे, एक दिवस जाऊ आत." तो दिवस आला नाही. पंधराव्या वर्षी लग्न झालं, पुढं आई-वडील गेले, घर दुसऱ्याकडं गेलं आणि नळदुर्गला जायला कारण उरलं नाही. आठ-दहा वर्षं झाली असतील. बेत ठरला त्या दिवशी त्यांनी पेटीतून इरकली लुगडं काढून दोरीवर वाऱ्याला टाकलं. एरवी ते लग्नाकार्याशिवाय निघत नसे.

मंगळवारी नेमके चौदा पाहुणे आले. चौदा! पंगती उठता उठता तीन वाजले, मग खरकटं, भांडी, मग दुधाचं पातेलं आणि पिठाचा डबा पुढ्यात. जाऊबाई चूल सारखी करत होत्या. मी परसात हात धुवायला गेले आणि धुण्याच्या दगडावर बसले ती उठवेचना. उद्या पहाटे तीनला उठायचं, सोवळ्यात पाणी भरायचं, पोरं आवरायची, यष्टीत कुणाला तरी ओकारी होणार, ती निस्तरायची. आणि त्याच वेळी मला सुचलं. घरातल्या बाईला बसून राहायची परवानगी असलेले दिवस महिन्यातून तीनच.

मी आत गेले नाही. दारातूनच म्हणाले, "मला कावळा शिवला."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. जाऊबाईंनी चुलीपुढून मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा लाकूड आत सारलं. मला पडवीतल्या कोपऱ्यातलं घोंगडं मिळालं. मी त्यावर आडवी झाले आणि लाज वाटायच्या आत मला झोप लागली.

माझा हिशेब साधा होता. ही सगळी जातील, माझ्यापुरत्या दोन दशम्या पडवीत झाकून ठेवतील आणि मी दिवसभर लोळेन. पण मी एक गोष्ट विसरले होते. संध्याकाळी देवापुढं दिवा लावायला शेजारच्या पुजारीकाकू येणार होत्या, किल्लीही त्यांच्याकडंच द्यायची होती. काकू कडक सोवळ्याच्या. त्यांच्या कानावर गेलं, तशा त्या भिंतीपलीकडूनच म्हणाल्या, "पडवीत बाहेरची बसलीया म्हणल्यावर मी कशी येऊ? देवघराला जायला वाट तिथूनच हाय की." यष्टी परत यायला रात्रीचे आठ होणार होते. घरात माणूस असताना देव अंधारात ठेवायचा, हे सासूबाईंना मरणापेक्षा वाईट वाटलं असतं.

मी जागी झाले ती मामंजींच्या आवाजानं. ते ओसरीवर कागदात दुरुस्ती करत होते. "मग थोरलीनं थांबावं. दुसरा बंदोबस्त होत न्हाय." सासूबाईंची बोचकी केव्हाच बांधून झाली होती. भावजींनी तर मान वर केली नाही.

"व्हय," जाऊबाई म्हणाल्या, "थांबते मी."

आता उठावं आणि सांगावं, की असं काही नाही, मी दमले होते, खोटं बोलले. चार शब्द. मी घोंगड्यावर उठून बसलेसुद्धा. पण सासूबाई काय म्हणतील, मामंजींसमोर असली गोष्ट कशी काढायची, ह्यांचं तोंड कसं होईल, असं मनात आलं आणि मी परत आडवी झाले. जाऊबाईंनी एकटीनं सगळ्या दशम्या केल्या. थापायचा आवाज मी मोजत पडले होते. मधे त्या मला ताट द्यायला आल्या, लांबूनच खाली ठेवलं आणि क्षणभर तिथंच उभ्या राहिल्या. मी ताटाकडं बघितलं. मग त्या गेल्या.

सकाळी सगळी निघाली. पोरांचा गलका गल्लीच्या टोकाला गेला आणि घर शांत झालं. जाऊबाईंनी दोरीवरचं लुगडं काढलं, घडी घातली आणि पेटीत ठेवलं. मग देवपूजेचं केलं, नैवेद्य केला, मला वाढलं. ज्या विश्रांतीसाठी मी हे सगळं केलं होतं, ती काही येईना. पाठ दुखत होती तशीच दुखत होती.

दुपारी त्या निवडायला तूर घेऊन पडवीच्या पलीकडल्या टोकाला बसल्या. आमच्यात चार हातांचं अंतर. अर्धं सूप निवडून झालं. मग सुपातून नजर न काढता म्हणाल्या,

"बाराच दिस झालेत तुला. मला ठाव हाय."

एका घरातल्या दोन जावांना एकमेकींचे दिवस पाठ असतात. कोण कधी बसणार यावर स्वयंपाकाच्या पाळ्या ठरायच्या. हे मला सुचायला हवं होतं, पण थकलेल्या माणसाचं डोकं एवढं चालत नाही.

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "मग काल बोलला का नाही तुम्ही?"

"बोलून काय करू? तू भिंतीला धरून चालायलीस चार दिवस झाले. दिसत न्हाय का मला? पडून राहा म्हणलं." त्यांनी सूप पाखडलं. "पण मला वाटलं, मामंजींनी माझं नाव घेतल्यावर तरी उठशील तू. ताट ठेवून उभी राहिले मी. उगं उभी राहिले व्हय? वाट बघायले व्हते तुझी."

मला रडू आलं. म्हणाले, "चुकलं माझं."

"व्हय, चुकलं," त्या म्हणाल्या आणि खडे वेचू लागल्या. त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

रात्री मंडळी परत आली. पोरं झोपेला आलेली, मामंजींची एक छत्री यष्टीत राहिलेली. जाऊबाईंनी सगळ्यांना ऊन ऊन भात वाढला. सासूबाईंना विचारलं, "आत काय काय होतं?"

"काय असायचंय? झाडं, फुलं, ते पाणी उडायलंय वर. सावली बरी होती बाई. मला तर तिथं झोपच लागली."

जाऊबाईंनी त्यांना आणखी तूप वाढलं. मी पडवीतून बघत होते.

पण खोट्याला पुरतं जगावं लागतं. एका दिवसाच्या विश्रांतीसाठी मी तीन दिवस मागून बसले होते. गुरुवारी त्यांनी एकटीनं धुणं केलं. त्याच दिवशी अवचित नऊ पाहुणे आले आणि मी कोपऱ्यात हात मांडीवर ठेवून, त्यांना घागर उचलताना, चूल फुंकताना, पंगती वाढताना बघत राहिले. माझे पाय तोवर अगदी बरे झाले होते. उठून एक तांब्या भरून द्यावा इतकीच माझी इच्छा होती आणि तेवढंच मला करता येत नव्हतं. एक पाहुणी मला म्हणाली, "नशीबवान आहेस, बसायला मिळतंय."

चौथ्या दिवशी सकाळी जाऊबाईंनी माझ्या डोक्यावर न्हाणाचं पाणी ओतलं. तिथं परसात आम्ही दोघीच होतो. तीन दिवस मनात घोळवलेलं मी बोलून टाकलं. म्हटलं, "जाऊबाई, पितृपंधरवडा होऊ द्या, नवरात्र होऊ द्या. दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या बुधवारी आपण दोघीच जाऊ. मी ह्यांना पटवते, मामंजींच्या पाया पडते. दशम्या मी करीन सगळ्या. तुम्ही नुसत्या चला."

त्यांनी दुसरा तांब्या बंबातून भरून घेतला, हात घालून पाणी किती कढत आहे ते बघितलं, थोडं गार मिसळलं. माझे डोळे शिकेकाईनं मिटलेले होते, त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

"जाईन मी कधी तरी," त्या म्हणाल्या. "पण तुझ्यासंगं न्हाय."

त्यानंतर आम्ही एका चुलीवर एकवीस वर्षं काढली. त्यांनी माझी दोन बाळंतपणं केली, त्यांच्या शेवटच्या आजारात मी त्यांचं सगळं केलं आणि आमच्यात कधी वावगा शब्द गेला नाही. नळदुर्गला त्या गेल्या की नाही, हे मी त्यांना विचारलं नाही.