फड्या निवडुंगाला कुंकू

निवडुंगाला कुंकू लावू नये, एवढी अक्कल मला पन्नाशी उलटल्यावरही नव्हती.

लेकानं परांड्याहून नवा फोन आणून दिला आणि मी स्वतःला मोठी फोटोवाली समजायला लागले. माणसांचे फोटो काढले की कुरकुर, नाक मोठं आलं, पोट दिसलं. म्हणून बांधावरच्या निवडुंगाकडं वळले. तो बिचारा गप उभा राहतो. आकाशकंदिलाचा जिलेटिन कागद बॅटरीच्या तोंडाला बांधायचा आणि दिवस मावळताना उजेड टाकायचा. काटे निळे, फडे जांभळे, बोंडं तर निखारेच! सून म्हणाली, "आत्या, निवडुंग हाय का लग्नातली कलवरी?" मी लई खूश. ती चेष्टा होती हे मला फार उशिरा कळलं.

तेवढ्यात आमच्या मालकांनी बांध सरळ करायला जेसीबी सांगितला. माझी सगळी कलवऱ्यांची फौज आता उपटली जाणार! मी पुष्कळ रुसले. ते म्हणाले, "काय काढायचे ते फोटो आजच काढून घे."

मग शेवटचा फोटो झक्क यायला नको का? सगळ्यात थोराड निवडुंगाला मी नवरीसारखं नटवलं. फड्याफड्याला हळद, मधोमध कुंकू, वर गुलाल, काट्यांत हिरव्या बांगड्या. फोटो असा आला की मीच दचकले. पुसायला गेले तर काटा घुसला. बोट चोखत घरी आले आणि विसरले. शहाणीच ती!

सकाळी जेसीबीमागं आम्ही दोघं बांधावर पोचलो, तर निवडुंगापुढं नारळ फुटलेला, उदबत्तीचा धूर. सोनारीच्या भैरवनाथाला निघालेल्या दोन बाया पदर पसरून उभ्या. डोळे मिटून एकजण पुटपुटत होती, "आई, लेकीचं घर नांदू दे."

ड्रायव्हरनं चप्पल काढली. "मालक, म्या न्हाय हात लावत. हितं देवीबाई बसलीया."

आता खरं सांगावं, तर निवडुंग जाणार आणि त्या बाईचं गाऱ्हाणंही. मी तोंड मिटून घेतलं. पण बोटं पिवळीधमक! ती पदराखाली घेता घेता मालकांच्या नजरेत आलीच.

"जाऊ दे, बांध वाकडाच ऱ्हाऊ दे," ते ड्रायव्हरला म्हणाले. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले,

"तुला फोटो काढ म्हणलं व्हतं, देव काढ म्हणलं न्हवतं. आता बोटं तरी धू, न्हायतर तुझ्याबी पाया पडतील."