पदर दातात धरून

मला उचलायची भीती वाटते. पेशंटला उठवणं, बसवणं, कूस बदलून देणं हेच माझं काम, अन् त्याच कामाच्या धास्तीनं सकाळी घनसावंगीच्या जीपमध्ये बसल्यापासून माझा हात सारखा कमरेवर जायचा. कंबर एकदा गेली की गेली. घरात कमावती मी एकटी. मीच आडवी पडले तर मला कोण उचलणार, सांगा!

त्या घरी मी लकवा मारलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना सांभाळायला जात होते. त्यांचं उजवं अंग गेल्तं, जीभ जड झाल्ती, एकेक शब्द कसाबसा निघायचा. पण माणूस धिप्पाड, हाडापेरानं दणकट. मुलगा सकाळीच उसाकडं निघून जायचा. मंग घरात आम्ही तिघंच, बाबा, सूनबाई अन् मी.

पहिल्या दिवशी मुलानं बाबांना कसं उठवतो ते मोठ्या हौसेनं दाखवलं. काखेत दोन्ही हात घातले अन् पोतं ओढावं तसं ओढलं. "आवो, थांबा थांबा!" मी ओरडलेच. लकव्याच्या अंगाचा खांदा ढिला असतो, काखेतून ओढला की निखळायला वेळ लागत न्हाई. जालन्याच्या ट्रेनिंगमध्ये आमच्या मॅडमनी हे कानीकपाळी ओरडून सांगितल्तं. मी जुन्या सुती लुगड्याची घडी करून बाबांच्या कमरेला पट्ट्यासारखी आवळली. धरायचं ते पट्ट्यालाच. खुर्ची त्यांच्या चांगल्या, डाव्या अंगाला लावायची. पाय फाकवून गुडघ्यात वाकायचं, पाठीत बिलकुल वाकायचं न्हाई. मी समोरून, माझा गुडघा त्यांच्या उजव्या गुडघ्याला टेकवून, अन् दुसऱ्या माणसानं मागून पट्टा धरायचा. एक, दोन, तीन असं दोघांनी मोठ्यानं म्हणायचं अन् तीनला बराबर उचलायचं.

हे दुसरं माणूस म्हणजे सूनबाई. पोरगी गुणाची, कामाला कधी न्हाई म्हणायची न्हाई, पण सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर इंचभर ढळू द्यायची न्हाई. दोन्ही हात पट्ट्यात गुंतले की पदर घसरतो, म्हणून ती त्याचा काठ दातात धरायची. आता तोंडात पदर म्हणल्यावर बाई मोजणार कशी? नुसती "हं, हं" करायची. तिचं ते हं कधी तीनच्या आधी यायचं, कधी नंतर, अन् तेवढ्यात सगळं ओझं माझ्या कमरेवर यायचं.

"अगं, कमरेला खोच ना तो पदर," मी रोज कावायचे.

"मामांसमोर? काहीतरीच काय मावशी!" सासऱ्याला आमच्याकडं मामा म्हणतात. मामा तर बिचारे छताकडं बघत पडलेले. त्यांना पदराचं काय पडलंय, असं माझ्या ओठावर यायचं, पण लोकाच्या घरात किती बोलणार? रोज एकदा बाबा खुर्चीत टेकले की मी सुटकेचा श्वास सोडायचे अन् लगेच दुपारी परत पलंगावर न्यायची काळजी सुरू.

एक दिवस असंच उठवून राह्यलो होतो. बाबा पलंगावरून उभे झाले, वळायच्या बेतात होते, अन् दारातून आवाज आला, "काय सूनबाई, बरी हायेस का?" जांब गावाहून बाबांचे थोरले चुलतभाऊ, मुलाचे काका, आल्ते. म्हणजे तिचे आणखी एक सासरे! अंगात मुरलेली सवय ती, पोरगी उत्तर द्यायला गेली, तोंड उघडलं, पदर निसटला. अन् तिनं काय करावं? पट्टा सोडून दोन्ही हातांनी पदर सावरला.

बाबा उजवीकडं कलले. सगळा भार माझ्यावर. माझ्या कमरेत अशी कळ गेली की डोळ्यापुढं अंधारी आली. पडणाऱ्या माणसाला वरच्या वर तोलून धरायला जायचं न्हाई, त्याच्यासंगं खाली जायचं, हे पाठ होतं म्हणून वाचले. पाय पुढं केला, बाबांना छातीशी धरलं अन् मांडीवरून घसरवत हळूहळू जमिनीवर बसवलं. त्यांचं डोकं माझ्या हातावर आलं. तरी ते बसले तेव्हा धप्प आवाज झालाच.

"पाडलं की म्हाताऱ्याला!" काका एवढ्या जोरात ओरडले की गल्लीतून दोन माणसं धावत आली. एकजण हाताला, दुसरा पायाला धरायला वाकला. "चला, उचला जल्दी!"

"कुणी हात लावायचा न्हाई!" मी बाबांच्या पुढं आडवी आले. खुबा मोडला असला अन् असं लटकवून उचललं तर माणूस कायमचा जायचा. ती माणसं मागं सरली, पण काका तोंडाला येईल ते बोलत होते. असली कसली बाई ठेवली, पोराला फोन लावतो, हिला आत्ताच्या आत्ता घालवून द्या. बाबांनी डोळे मिटून घेतल्ते. देवा, यांना काही होऊ देऊ नकोस, एवढंच माझ्या मनात चाललं होतं. माझं काम गेलं तर गेलं, पण बाबांच्या हाडाला काही होऊ नये. मी खुब्यावरून हात फिरवला, दोन्ही पाय सारखेच लांब हायेत का बघितलं, पाय अलगद वळवले. "दुखतंय का बाबा? इथं? इथं?"

त्यांनी डोळे उघडले. मान हलवली. न्हाई.

माझ्या जिवात जीव आला. पण आता जमिनीवरून उठवायचं होतं अन् त्याला मागं सूनबाईच पाहिजे होती, तिच्याशिवाय पट्टा कसा धरायचा ते कुणाला ठाऊक न्हवतं. ती भिंतीशी उभी, पांढरीफटक. कुणाचा हात सुटला हे मला माहीत, तिला माहीत. माझ्या तोंडाशी आलं होतं, खरं सांगते. पण तिच्याकडं बघून बोलवेना. आज मी गप्प बसले तर माझं काम जाईल, बोलले तर या पोरीला जलमभर ऐकावं लागेल.

"ये गं," मी म्हणलं.

ती आली, बाबांच्या पाठीशी गुडघे टेकून वाकली, दोन्ही हातांनी पट्टा धरला. काका समोरच उभे. तिनं पदराचा काठ दातात धरला.

बाबांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं. डावा हात खांद्यावरून मागं नेला, चाचपडत तिच्या तोंडापाशी गेला अन् तो पदर दातातून ओढून काढला.

"सोड ते," एकेक शब्द ढकलत ते म्हणाले. "परत... पाडशील... मला."

सूनबाईनं रडत रडत पदर कमरेला खोचला, अन् काका चप्पल न घालताच अंगणात जाऊन आमच्याकडं पाठ करून उभे राह्यले.